रक्त पायापर्यंत पोचलं पाहिजे

मी बोलतेय आणि माझी सून दर्शना फोनवर टाइप करतेय. मधेमधे ती माझं बोलणं धुऊन वाळत घालते, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटेल, ही कोळीण फारच शुद्ध बोलते बुवा! तसं काही नाही. मी खरी कशी बोलते ते दर्शनाच्या कानांना विचारा.

आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "चंद्राताई, तुमच्यासारख्या खूप बायका माझ्याकडे येतात आणि फार उशिरा येतात. तुमचं सांगा कुणाला तरी." म्हणून सांगतेय. कुणाला घाबरवायला नाही. घाबरायचं होतं तेवढं मी घाबरून घेतलंय, तुमच्या वाट्याला काही ठेवलेलं नाही.

फाटकाशी गप्पा

आमचं गाव मांडव्याच्या बाजूला, समुद्राला लागून. माझ्या नवऱ्याची छोटी होडी आहे. होडीच्या मालकाला आमच्यात नाखवा म्हणतात. सगळं गाव त्यांना नाखवा म्हणतं आणि मीही तेच म्हणते. होडी किनाऱ्याला लागली की मासळी निवडायची, पाटीत भरायची, पाटी डोक्यावर घ्यायची आणि आतल्या वाड्यांत, मुंबईवाल्यांच्या बंगल्यांत फिरून विकायची. लग्न झाल्यापासून माझं हेच काम. मुलगा उरणला बंदरात कंटेनरची गाडी चालवतो, सून अंगणवाडीत आहे, घरात काही कमी नाही. पण मला घरी बसवत नाही.

गेल्या थंडीत चढाच्या रस्त्यावर डावी पोटरी आवळायला लागली. आतून कुणीतरी ओला कपडा पिळावा तशी कळ यायची. थांबलं की जायची, चाललं की पुन्हा हजर. आता डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या मधोमध थांबायचं म्हणजे लाजच की! लोक म्हणणार, चंद्रा थकली. म्हणून मी एक युक्ती काढली. कळ आली की जे फाटक समोर असेल त्याला टेकायचं आणि आत हाक मारायची.

"काय वहिनी, जेवणं झाली का?"

"पोरीचा निकाल लागला का हो?"

"नारळ कधी उतरवताय यंदा?"

कळ जाईपर्यंत गप्पा हाणायच्या, मग पुढचं फाटक. गंमत म्हणजे धंदा वाढला. ज्या घरांनी कधी बोंबील सोडून काही घेतलं नव्हतं तिथे पापलेट जायला लागलं. एका बंगल्यातल्या बाई तर म्हणाल्या, "हल्ली एवढी आपुलकीनं चौकशी कोण करतं!" मी मनात म्हटलं, बाई गं, आपुलकी कसली, पोटरी आहे ती.

माझी मोठी जाऊ हिराबाय एकदा माझ्यासोबत विकायला आली होती. ती म्हणाली, "गो चंद्रे, तू हल्ली लय बोलतंस. वारं लागलं का काय तुना?"

मी हसण्यावारी नेलं. घरी कुणाला काही सांगितलं नाही. त्याचं कारण नाखवांचे वडील. मी लग्न होऊन आले तेव्हा म्हातारबाबा ओट्यावर बसलेले असायचे, एक पाय गुडघ्यापासून नाही. पाय काळा पडला म्हणून कापला होता. त्यानंतर ते होडीकडे तोंड करून कधी बसलेच नाहीत, भिंतीकडे बघत बसायचे, आणि तसेच गेले. आमच्या घरात पाय दुखतो असं कुणी मोठ्यानं बोलत नाही.

शिंगाळ्याचा काटा

उन्हाळ्याच्या तोंडावर मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा डाव्या पायाच्या बोटात घुसला. शिंगाळ्याचा काटा विषारी, ठणका मारतो, पण आम्हाला त्याचं नवल नाही. काढला, हळद दाबली, कामाला लागले. एरवी असली जखम दोन-चार दिवसांत विसरायला होते. ही विसरू देईना. बोट आधी लाल, मग जांभळं, मग कडेनं काळपट. गादीवर पाय लांब केला की ठणका, खाली लोंबकळत सोडला की बरं वाटायचं. मी कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बघितला, कोरफड लावून बघितली, आणि बाकीच्या वेळी पाय लुगड्याखाली ओढून बसले.

दर्शनानं पकडलं. अंगणवाडीत पोरांची नखं तपासायची सवय तिला! चहा देता देता म्हणाली, "आई, पाय दाखवा." मी म्हटलं, "काही नाही गं." ती खाली बसली आणि तिनं पाय बाहेर ओढला. मग तिचा चेहराच उतरला. सासूला कधी उलट न बोललेली पोर, पण त्या दिवशी मला रिक्षात कोंबून अलिबागला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरांनी माझ्या पावलावर, वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली. सरकवली, पुन्हा ठेवली. घोट्याच्या मागे चाचपलं. उजव्या पायाला हात लावून बघितला, परत डावीकडे आले. म्हणाले, "डाव्या पावलात नाडी लागत नाही."

मी म्हटलं, "असेल हो, नीट शोधा."

ते हसले नाहीत. त्यांनी मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं, तेही लगेच.

घरी आल्यावर दर्शनानं नाखवांना सांगितलं. ते जाळं शिवत होते. सुई हातात तशीच. म्हणाले, "मना आधी का न्हाय सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्ही घाबरला असता." तर म्हणतात, "मग आता काय मी नाचतंय?" आणि उठून बाहेर गेले. आमच्यात रडायचं झालं की पुरुषमाणूस होडी बघायला जातो.

शू-शू करणारं यंत्र

मांडव्याहून बोटीनं गेटवेला उतरलो, तिथून टॅक्सी. मी, नाखवा आणि दर्शना. डॉक्टरबाई एवढ्याशा होत्या की मला वाटलं, डॉक्टर अजून यायच्यात, ही पोर त्यांचं टेबल पुसायला आलीय. पण बाईंनी हात लावला आणि कळलं, या हाताला काम येतं.

त्यांनी पायाचं प्रेशर घेतलं. प्रेशर हाताचं असतं एवढंच मला ठाऊक, पायाचंही बघतात हे तिथे कळलं. मग पावलावर गार मलम लावून त्यावर पेनासारखं यंत्र टेकवलं. उजव्या पायावर टेकवल्याबरोबर शू-शू-शू असा जोरकस आवाज. "हे तुमचं रक्त," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "अगो बाई, एवढं बोलतं ते?" मग डाव्या पायावर टेकवलं. आवाजच नाही. सरकवलं, दाबलं, तेव्हा कुठे एक बारीक फुसफुस ऐकू आली. मला त्या वेळी पहिल्यांदा खरी भीती वाटली. दुखतं तेव्हा माणूस म्हणतो, होईल कमी. पण आपलाच पाय गप्प बसलेला ऐकला की तसं म्हणता येत नाही.

बाई सरळ बोलल्या. "मांडीतली रक्ताची नळी जवळजवळ बंद आहे. फुग्यानं उघडून बघू. उघडली आणि जखम भरली तर पाय वाचला. नाही भरली तर बोट काढावं लागेल, आणि उशीर झाला तर पाऊल."

मग चौकशी. शुगर? नाही. प्रेशर? थोडं. विडी, सिगारेट, तंबाखू?

"छे हो!" मी म्हटलं. "विडीचा वाससुद्धा मला चालत नाही. यांची विडी मी सोडवली, विचारा यांना." नाखवांनी मान हलवली. दर्शनानंही हलवली.

बाई जरा बुचकळ्यात पडल्या. "शुगर नाही, तंबाखू नाही, आणि नळी एवढी खराब?"

"आमचं नशीब," नाखवा म्हणाले.

आतली कातडी

मी बाईंना विचारलं, नळी बंद होते म्हणजे काय होतं? जन्मभर बंद न पडलेली आताच कशी पडली? बाईंनी वेळ काढून सांगितलं, त्याबद्दल त्यांना मी कायम दुवा देईन.

त्या म्हणाल्या, रक्ताच्या नळीला आतून एक पातळ कातडी असते. ती जिवंत असते, बारीक बारीक पेशींची. रक्त तिच्यावरून घासत जातं. ते घासणंच त्या पेशींचं खाणंपिणं समजा. रक्त जोरात, सरळ वाहत असलं की पेशी प्रवाहाच्या दिशेनं नीट ओळीत पडून राहतात आणि खूप जगतात. पण नळीला जिथे फाटे फुटतात, वळण येतं, तिथे रक्त भोवऱ्यात फिरतं, रेंगाळतं. तिथल्या पेशींना काय करावं ते सुचत नाही. त्या लवकर मरतात, सालपट निघाल्यासारख्या गळतात, आणि उघड्या पडलेल्या जागी चिकटा जमत जातो. नळी अरुंद झाली की रक्त कमी, रक्त कमी की घासणं कमी, आणि मग आणखी पेशी मरतात.

हे मला लगेच पटलं. आमच्या खाडीतही वळणावरच गाळ बसतो, धारेत बसत नाही.

"म्हणजे बाई," मी म्हटलं, "काम मिळालं की जगतात आणि बसवून ठेवलं की मरतात?"

"अगदी तसंच."

"मग या पेशी कोळणीच आहेत!"

बाई इतक्या हसल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. नाखवा मात्र हसले नाहीत. ते माझ्या पायाकडे बघत होते.

वॉर्डातले दिवस

हॉस्पिटलात पहाटे उठवतात. उठायचं, बाथरूमला जायचं, मशेरी लावायची, तोंड धुवायचं, की चहा येतो. मग ताप बघतात, प्रेशर बघतात, सुई टोचतात, मग साहेबलोक घोळक्यानं येऊन पाय बघून जातात. माझा पाय एवढ्या लोकांनी बघितला की लग्नात माझं तोंडही एवढ्यांनी बघितलं नसेल.

जेवणात मासळी नाही. दुधी, मूगडाळ, पुन्हा दुधी. शेजारच्या खाटेवर माणगावची एक मास्तरीणबाई होती, तिलाही पायाचंच. ती शाकाहारी, आणि मी तिला दुपारभर सुरमईचं कालवण कसं करायचं ते सांगायची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "चंद्राताई, मी आजवर मासा खाल्ला नाही, पण आता मला वास येतोय." आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो. हसताना टाके दुखतात, तिचे दुखले. मग ती मला शिव्या देत हसली.

भीती होतीच. फुगा घालायला नेताना मी दर्शनाचा हात सोडेना. जांघेतून तार घालतात, तुम्ही जागे असता. समोर पडद्यावर काळ्या झाडाच्या फांद्यांसारखं काहीतरी दिसत होतं. बाई म्हणाल्या, ही तुमची मांडी. एक फांदी मधेच तुटलेली. मग मांडीत दाब आला, दुखलं, मी ओरडले, आणि थोड्या वेळानं तुटलेल्या फांदीच्या पुढे काळी रेघ खाली खाली पळत गेली. त्याच वेळी माझं पाऊल गरम झालं. खरं सांगते, मला वाटलं कुणी कढत पाणी ओतलं! कित्येक महिने थंडगार पडलेला पाय तो.

"बाई, पाय भाजतोय!"

"भाजू दे," त्या म्हणाल्या. "रक्त पोचलं."

घरी पाठवताना त्यांनी मला पावलावरची एक जागा दाखवली. तिथे बोटं ठेवली की आत ठोके लागतात. सकाळी एकदा हे बघत जा म्हणाल्या. गोळ्या चुकवू नका, घरातल्या घरात थोडं थोडं चाला, जखम भरली की मग खरं चालणं शिकवते.

माया करणारी माणसं

घरी आले आणि खुर्ची मिळाली. मागच्या पडवीत, वाऱ्याला, खाली उशी. उठले की कुणीतरी ओरडायचं. पाण्याचा तांब्या हातात, जेवणाचं ताट हातात. नाखवा होडीवर जाताना शेजारच्यांना सांगून जायचे, "हिला उठू देऊ नका." मी म्हटलं, डॉक्टरबाईंनी थोडं चालायला सांगितलंय. ते म्हणाले, "माझा बा चालून चालूनच पाय घालवून बसला. बस गो तू."

आणि सकाळी सगळ्या बायका माझ्याकडे जमायला लागल्या. एरवी आम्ही हिराबायच्या मागच्या दारी जमतो. आता चंद्रेला येता येत नाही तर आपण तिच्याकडे जाऊ. हिराबाय घरून तवा घेऊन यायची, माझ्या चुलीवर मशेरी भाजायची, खमंग वास सुटायचा, सगळ्यांच्या तळहातावर चिमूट चिमूट पडायची. मग दातांवर बोट फिरवत गावातल्या बातम्या. कुणाच्या होडीला काय लागलं, कुणाची सून माहेरी का गेली. मला तर जास्तच द्यायची, आजारी ना मी! त्या सकाळी मला फार बरं वाटायचं. माणसं आपल्यासाठी येतात हे सुख मोठं आहे.

पण जखम भरेना. दर्शना पट्टी बदलायची आणि काही बोलायची नाही. ती बोलली नाही की मी ओळखायची.

डबी

तपासणीला गेलो. बाईंनी पट्टी काढली, बघत राहिल्या. यंत्र टेकवलं, आवाज येत होता, पण पहिल्यासारखा जोरकस नव्हता.

"एव्हाना भरायला हवी होती," त्या म्हणाल्या. "नळी पुन्हा अरुंद होतेय असं वाटतंय. पुढच्या खेपेला अशीच असली तर बोट काढावं लागेल. मग पुढचं सांगता येत नाही."

नाखवा उभे होते ते स्टुलावर बसले. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, माझा धीर झाला नाही. बाईंनी पुन्हा सगळं विचारलं. गोळ्या? घेते. तंबाखू?

"नाही हो बाई. आईच्यान नाही."

डोळ्यांना पाणी आलं म्हणून मी रुमाल शोधायला पिशवीत हात घातला आणि माझी डबी टेबलाखाली पडली. झाकण उघडलं. काळी पूड फरशीवर.

"हे काय?"

"काही नाही, मशेरी. दात घासायची."

"मशेरी कशाची असते, चंद्राताई?"

"कशाची म्हणजे? तंबाखू भाजून..."

दर्शनानं तोंडावर हात ठेवला. नाखवा छताकडे बघायला लागले. बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले, चष्मा पुन्हा घातला.

खरंच सांगते, मी खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे तंबाखू म्हणजे पुरुष हातावर मळून ओठाखाली ठेवतात ती. मशेरी म्हणजे दंतमंजन. आईनं लहानपणीच बोटावर दिली, दात हलायला नको म्हणून. ती तंबाखू आहे हे मला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं, दोन्ही एकदम. दर्शना अंगणवाडीत तंबाखूच्या तोट्यांचं चित्र भिंतीला लावते आणि घरी आल्यावर मला मशेरीचं पाकीट आणून देते. तिलाही कधी सुचलं नाही.

"दिवसातून कितीदा?"

"सकाळी. मग जेवल्यावर. मग... हात मोकळा असला की."

बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी नळी उघडते, रक्त सोडते, पेशी जगाव्यात म्हणून धडपडते. आणि तुम्ही रोज त्यांना मारताय. आता एक काय ते ठरवा. डबी की पाऊल."

हॉस्पिटलच्या दाराशी कचऱ्याचा डबा होता. डबी नाखवांनी टाकली, मला हात लावू दिला नाही.

सोडणं

सोडते म्हणणं सोपं. पहिले दिवस डोकं ठणकायचं, पोट साफ होईना. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही असं आम्ही सगळ्याच म्हणतो, आणि ते खोटं नाही हे मला नीट कळलं. इसबगोल घेतलं, गरम पाणी प्यायले, देवाला हाका मारल्या. स्वभाव असा तिखट झाला की मांजर माझ्या दारावरून जाईना. दर्शनानं बडीशेप आणि भाजलेलं जवस पुड्या करून दिलं. चघळून चघळून जबडा दुखला.

हिराबाय तवा घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "जाऊबाय, मना नको. आणि हितं भाजू पण नको, वासानं जीव जातोय."

ती रागावली. "आमच्या सासवा मशेरी लावत म्हाताऱ्या झाल्या. मशेरी म्हंजे काय दारू हाय?"

"आपला सासरा भिंतीकडं तोंड करून मेला," मी म्हटलं. "त्याच्या खिशात काय असायचं?"

ती तवा उचलून गेली. दुसऱ्या दिवसापासून बायका तिच्याकडे. मागच्या पडवीत मी एकटी. त्यांचं हसणं ऐकू यायचं. पाय दुखला तेव्हाही मी एवढी रडले नव्हते.

पण जखम भरायला लागली. आधी तळाशी लाल लाल दाणे दिसले, दर्शना ओरडलीच, "आई, लाल आहे! लाल!" मग कडा जवळ आल्या. बाईंनी फोनवर फोटो बघितला आणि म्हणाल्या, आता चालायचं. कसं? कळ येईपर्यंत. कळ बऱ्यापैकी चढली की थांबायचं, ती गेली की पुन्हा चालायचं. कळ आली म्हणजे बिघडलं असं नाही. पायाला रक्त हवंय, ते मागतोय. चाललात की रक्त जोरात धावतं, पेशींना काम मिळतं, आणि शरीर आजूबाजूच्या बारीक वाटा मोठ्या करून घेतं.

यावर घरात युद्ध झालं. दुखेपर्यंत चालायचं हे नाखवांच्या डोक्यात शिरेना. "दुखतं तर थांबावं, का आणखी दुखवावं? कसली डॉक्टर ती!" मी चप्पल घातली की ते दारात उभे. एका सकाळी मी भडकले.

"तुमच्या बाला कुणी सांगितलं नव्हतं. मना सांगितलंय. मना पाय घालवून ओट्यावर बसायचं न्हाय. तुम्ही दारातून सरका."

ते सरकले. मी किनाऱ्याला गेले, ओल्या कडक वाळूवरून चालले. पुढे पुलणीवर, भुसभुशीत कोरड्या वाळूत, कळ आली, उभी राहिले, दात आवळून. मागे वळून बघितलं तर नाखवा उभे. मी चालले की चालायचे, मी थांबले की थांबायचे. कळ त्यांनाच येत होती जणू! दोन-चार दिवसांनी मी म्हटलं, "मागून काय चालताय चोरासारखं, बाजूला या." तेव्हापासून बाजूला. समुद्राकडे बघत चालतात, आणि मी थांबले की माझ्या तोंडाकडे बघतात.

त्याच वाळूवर एके दिवशी हिराबाय आली. कमरेवर हात. "किती चालायचं म्हणतंय तुझी डॉक्टर?" मी सांगितलं. ती म्हणाली, "माझं गुडघं दुखतात. पण घरात तुझ्याशिवाय करमत न्हाय." मशेरी तिनं सोडली का? नाही. कमी केलीय म्हणते. मी रोज तिचं डोकं खाते. बघू.

बोटीवर

दिवाळीच्या आधी शेवटची मोठी तपासणी होती. बाईंनी पाय हातात घेतला. जिथे जखम होती तिथे गुलाबी, नव्या कातडीचा ठिपका. यंत्र टेकवलं. असा आवाज आला की बाहेरच्या बाकावरच्यांनीही ऐकला असेल. बाई म्हणाल्या, "बोटही तुमचं आणि पाऊलही तुमचं. उजव्या नळीतही थोडी सुरुवात आहे, म्हणून चालणं जन्मभर. आणि मशेरीला पुन्हा हात लावलात तर मी बोटीनं येऊन तुम्हाला मारीन."

मी त्यांना मिठीच मारली. एवढीशी पोर, माझ्या हातात मावली.

परतीच्या बोटीत आम्ही खालच्या मजल्यावर खिडकीशी बसलो. शनिवारची गर्दी. बंगल्यांकडे निघालेली मुंबईची माणसं, पोरं, कुत्री, बर्फाचे डबे. दर्शना वर वाऱ्याला गेली होती. मी चप्पल काढून पाय जरा मोकळा केला.

नाखवा म्हणाले, "दाखव."

"काय दाखव?"

ते खाली वाकले आणि त्यांनी माझं डावं पाऊल उचलून आपल्या मांडीवर घेतलं. भर बोटीत! आमच्याकडे नवरा बायकोच्या पायाला हात लावत नाही. एवढे महिने पाय चिघळला, पट्ट्या झाल्या, पण त्यांनी कधी लावला नव्हता आणि मी लावू दिला नसता. मी पाय ओढायला लागले.

"आवं, सोडा! लोकं बघतात. पाप लागंल मना."

"लागू दे," ते म्हणाले. "कुठं म्हणाली ती डॉक्टर? हितं?"

मी त्यांची बोटं धरून जागेवर ठेवली. जाळ्यानं, मिठानं सोललेली ती बोटं, त्यांना बारीक काही कळतं की नाही कोण जाणे. ते डोळे मिटून बसले. समोरची एक मुलगी आमच्याकडे बघून तिच्या आईला काहीतरी विचारत होती.

मग त्यांनी डोळे उघडले.

"हाय गो," ते म्हणाले. "लागतंय. हाय."

या वेळी त्यांना बघायला होडी नव्हती. ते तिथेच, सगळ्यांसमोर रडले, आणि मांडवा येईपर्यंत त्यांनी माझा पाय खाली ठेवला नाही.